तिसरी पाळी

अनुजा परबने नाचायला उतरण्याआधी चपला काढल्या, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

सवयच तशी होती तिची. लालबागच्या त्यांच्या चाळीत गौरीच्या जागरणाला फुगडी घालायची ती अनवाणी. चपला घालून कुणी फेरात शिरलं, तर म्हाताऱ्या बायका अशा काही डोळे वटारायच्या की विचारू नका! त्यामुळे परळच्या त्या पबमध्ये श्रेयाने हाताला धरून ओढलं, तेव्हा बाईसाहेबांनी सँडल काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि मगच त्या जांभळ्या उजेडात पाय टाकला. श्रेया तिच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली, सव्वीस वर्षांची. बढतीची पार्टी होती तिची. अनुजा सेहेचाळीस वर्षांची. अर्ध्या तासात निघायचं असं ठरवूनच ती आली होती, आणि दीड तास झाला तरी नाचत होती.

गंमत म्हणजे ही जागा तिला नवी नव्हती. जिथे आता बार होता, तिथे पूर्वी गिरणीचं सांचाखातं, म्हणजे मागांचा विभाग होता. तिचे बाबा अकरा वर्षं तिथे बदली कामगार होते. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर घरी. ज्या दिवशी बाबा कायम झाले, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. तेव्हा अनुजा पाच वर्षांची होती, पण ते पेढे तिला अजून आठवत.

घामाने चिंब होऊन ती भिंतीशी परतली आणि थबकली. तिच्या सँडलशेजारी काळ्या बुटांचा एक भलामोठा जोड होता. मोजे आत नीट खोचलेले. आणि त्या बुटांचा धनी, पांढऱ्या शर्टातला, कानशिलावर पिकलेला एक उंच माणूस, अनवाणी पायांनी तिथेच उभा होता.

"तुमच्या?" त्याने सँडलकडे बोट दाखवलं.

"हो. का?"

"राखत होतो. एकाने लाथेने उडवलीन एक. टेबलाखालनं काढून आणली."

"अय्या! आणि... तुम्ही का काढलेत बूट?"

"आमच्या कोळीवाड्यात हळदीला बूट घालून नाचला ना कोण, तर आत्या त्याच बुटाने हाणते." तो हसला. "मला वाटलं, मी एकटाच येडा. मग तुमच्या सँडल दिसल्या. म्हटलं, चला... जोडीदार आहे."

जोडीदार म्हटल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं. तो घाईघाईने पाणी प्यायला.

त्याचं नाव तुळशीदास. वय एक्कावन्न, बायको जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी पुण्याला नोकरीला. धंदा बर्फाचा. "मासळीचा निळा, पिण्याचा पांढरा, दोन्ही ठेवतो. इथे नऊ वर्षं बर्फ देतोय, पण मागच्या दाराने. आज मालकाचा वाढदिवस, म्हणून पुढच्या दाराने आलो. पुढनं जागा बरी दिसते की!"

अनुजा खळखळून हसली. इतक्यात पंचविशीतला एक मुलगा मोबाइल परजत समोर आला. "आंटी, अंकल, तुम्ही दोघं कसले क्यूट आहात यार! ह्या वयात पण... एक रील?"

ह्या वयात पण. अनुजाचं हसू विरलं. नकळत तिने सँडल पायात सरकवल्या. तुळशीदासने मुलाला गोड बोलून वाटेला लावलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"लागलं?"

"लागलं नाही हो. कुतूहल वाटलं. नाचायचं वय नक्की कितव्या वर्षी संपतं? मला कुणी सांगितलंच नाही."

"मला पण नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "विचारूया?"

आणि खरंच, तो तिला घेऊन दारावरच्या बाउन्सरकडे गेला! त्या धिप्पाड माणसाला त्याने विचारलं, "भाई, अंदर आने की उमर क्या है?"

"पच्चीस के नीचे नहीं।"

"और ऊपर?"

बाउन्सरने डोकं खाजवलं. खूप विचार केला बिचाऱ्याने. "ऊपर का तो... किसी ने बताया नहीं, साहब।"

दोघंही इतकी हसली, इतकी हसली की अनुजाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसता हसता तिच्या लक्षात आलं, गेल्या कित्येक वर्षांत आपल्याला असं कुणी हसवलेलं नाही. बाबांची गिरणी बंद पडली, मग धाकट्या विनीतचं शिक्षण, त्याचं लग्न, आईची दुखणी... ह्यात तिचं लग्नाचं वय कधी निघून गेलं, तेही कुणी सांगितलं नव्हतं.

"मग शोधावं लागणार," तुळशीदास म्हणाला. "दर शनिवारी एक जागा. कुठेतरी कुणीतरी सांगेलच, की बस, आता घरी जा. येणार?"

अनुजाने मनगटावरच्या प्रवेशाच्या जांभळ्या शिक्क्याकडे पाहिलं. "येईन... पण फक्त शोधायला हं!"

"तर! अजून कशाला?" तो म्हणाला, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

घरी तिने सांगितलं, दर शनिवारी रात्रपाळी लागली आहे. आईने, रमाबाईंनी, "बरा" एवढंच म्हटलं आणि कूस बदलली.

मग शनिवार येत राहिले. गिरगावातल्या एका गच्चीवर गाण्याची मैफल होती. तिथे गिटार वाजवणाराच साठीचा निघाला. दादरला एका ठिकाणी नाचायला जागाच नव्हती, म्हणून दोघं बाहेर येऊन पाणीपुरी खात बसली. तुळशीदासला तिखट सोसेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि अनुजाने कसलाही विचार न करता आपला रुमाल त्याच्या हातात दिला. तो रुमाल काही परत आला नाही. तिनेही मागितला नाही.

नारळी पौर्णिमेला तो तिला वरळीच्या कोळीवाड्यात घेऊन गेला. सोन्याचा नारळ वाजतगाजत निघाला होता, आणि मिरवणुकीच्या पुढे त्याची ऐंशी वर्षांची गुणवंती आत्या कमरेवर हात ठेवून नाचत होती. अनुजाने तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "आत्या, थांबायचं कधी?"

"बेंडवाले थकले की!" आत्या ओरडली.

अनुजा वळली. तुळशीदास मिरवणुकीकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि ह्या वेळी त्याने नजर हटवली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सेहेचाळीसाव्या वर्षी हेही होतं, हा शोध तिला नवाच होता.

आणि नेमकं तेव्हाच बिनसलं.

श्रेयाने हौसेने पार्टीचा व्हिडिओ टाकला होता. फिरत फिरत तो विनीतच्या मोबाइलवर पोचला. रविवारी सकाळीच तो आला. "ताई, काय हे? अनवाणी, केस सोडून... माझ्या अक्षदाच्या कॉलेजच्या पोरी बघतायत! तुझ्या आत्याला ह्या वयात काय सुचलं म्हणून विचारतात तिला. जरा वयाचं भान ठेव ना यार."

ज्याच्या फिया तिने भरल्या, तो भाऊ हे बोलत होता. तिला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. लाज वाटली ह्याचा तर आणखी राग आला. म्हणजे हेच ते वय, तिने मनाशी म्हटलं. शोध संपला.

त्या शनिवारी ती गेली नाही. पुढच्याही नाही. तुळशीदासचे दोन फोन तिने घेतले नाहीत. मग त्याचा एक संदेश आला – "तुम्ही म्हणाल तेवढं थांबेन. फक्त एक सांगतो, बर्फवाल्याला थांबायची सवय नसते." तो तिने इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. उत्तर मात्र लिहिता येईना.

गौरी आल्या. जागरणाच्या रात्री चाळीचा लांबलचक व्हरांडा बायकांनी भरून गेला. फेर सुरू झाले, झिम्मा रंगला. अनुजा मात्र दाराशी उगाच ताटं पुसत बसली होती.

"काय गो, आज शनवार, आज पण रातपाळी नाय?" रमाबाईंनी विचारलं.

"नाही... संपली ती."

"खयची रातपाळी? माका काय कळना नाय? हॉस्पिटलातसून येताना कोणाच्या मनगटार जांभळो शिक्को असता?"

अनुजाच्या हातातलं ताट निसटता निसटता राहिलं. "आई... तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून. हसत झोपी जायस. बरा वाटायचा माका." रमाबाईंनी गुडघा चोळला. "ह्या बघ. तुझो बापूस पन्नाशी उलाटली तरी तिसरी पाळी करी होतो, त्याच गिरणीत. तेका कोणी इचारल्यान नाय, ह्या वयात रातभर भायर कित्याक रवतस म्हणान. रात जागान काम केला तर वय नाय, आणि हसला-नाचला तर वय? विनीताक मी सांगतंय काय तां. जेचो फोन तू उचलणस नाय, त्या मानसाक बोलव."

अनुजाचे डोळे भरून आले. तिने फोन उचलला. तिने पत्ता लिहिला आणि खाली एवढंच लिहिलं – "चपला काढून यायचं."

पंचवीस मिनिटांत जिना वाजला. तुळशीदास दारात उभा होता, तोच पांढरा शर्ट, धापा टाकत. त्याने काळे बूट काढले, मोजे आत खोचले आणि तो जोड तिच्या सँडलशेजारी नीट लावून ठेवला. फेरातल्या बायका कुजबुजल्या. विनीत पुढे झाला. "कोण पाहिजे तुम्हाला?"

"माझ्याकडे आलेत," अनुजा म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

कुणी काही बोलायच्या आत रमाबाईंनी काठी आपटली. "रे, हयसर ये! दरवर्षी पयली फुगडी मी नि ह्या माझा चेडू, अनुजा, घालतो. औंदा माझे गुडघे गेले. माझ्या जागेर तू उभो रव. बदली!"

सगळा व्हरांडा हसला. विनीतनेसुद्धा मान खाली घालून ओठ चावला, आणि मग तो वाटेतून बाजूला झाला. मागे उभी असलेली अक्षदा तर टाळ्याच वाजवायला लागली.

दोघांनी हातांची फुली करून एकमेकांचे हात धरले. तुळशीदासचे तळवे थंडगार होते, आयुष्यभर बर्फ उचललेले. फुगडी सुरू झाली. खांब, दिवे, गौरीचा मुखवटा, आईचं बोळकं हसू, सगळं गरगरायला लागलं. स्थिर होता तो फक्त समोरचा चेहरा.

"उत्तर सापडलं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नाही!"

"मग... ही बदली किती दिवसांची?"

अनुजाने हातांची पकड घट्ट केली. आजवर ती त्याला एकदाही 'तू' म्हणाली नव्हती.

"तुझे पेढे आण उद्या," ती म्हणाली. "कायम केलं तुला."