शेवटची हाक बांडीची

"बंद करा ते! हा माझा आवाज न्हाय!" सारजाआत्या एवढ्यांदा ओरडली, की टेपजवळ झोपलेली शेळी दचकून पळाली.

आवाज मात्र तिचाच होता! मेंढरांमागं फिरता फिरता रचलेली गाणी आत्यानं घरीच टेप करून कॅसेट काढली होती. पण तिच्या मुलानं, गेणूनं, बारामतीच्या स्टँडवरच्या टपरीतून आणलेली ही कॅसेट होती नकलेची नक्कल. आवाज घोगरा, वर खरखर, आणि आत्याचं नावसुद्धा नाही!

"म्हणूनच सर्जेरावतात्या म्हनत हुतं, सारजाबाईचा आवाज बसला," गेणू म्हणाला. "जत्रंत यंदा दुसरं कुणीतरी गानार!"

तात्या म्हणजे जत्रा कमिटीचे पुढारी. वीस वर्षं जत्रेत आत्याच गात होती. ती पदरानं डोळे पुसत बसली. सुट्टीला आलेल्या तिच्या भाचरांना, रोहिणीला आणि समर्थला, फार वाईट वाटलं. आणि रागही आला!

"आत्या, नवं गाणं टेप करू!" रोहिणी म्हणाली. "शेवटी तू मेंढीला हाक मारतेस ना, ती प्रत्येक कॅसेटवर वेगळी ठेवू! नक्कल करणारा हाकही उचलणार, म्हणजे कुणाची कॅसेट ते कळेल!"

"तुझं डोकं हाय का कॉम्प्युटर!" गेणू ओरडला.

तीनच कॅसेटी भरल्या. भवानीनगरच्या दुकानाला गेली काळी मेंढीच्या हाकेची, इंदापूरच्या दुकानाला चांदीच्या.

"तिसरी तात्यांना द्या. बसलाय का आवाज, ऐकू द्या की!" आत्या म्हणाली. त्यांना गेली बांडीची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मेंढीची हाक.

आठ दिवसांत टपरीवर नक्कल हजर!

"काळीच निघणार, पैज!" समर्थ म्हणाला. गाणं संपलं आणि खरखरीतून हाक आली, "ये गं बांडेऽऽ!"

तिघंही बघतच राहिले. तात्या?

कमिटीची बैठक देवळात चालली होती. आत्याला आणि टेपला घेऊन पोरं तिथंच धडकली.

"तात्या, नवं गाणं ऐकलंत?" रोहिणीनं साळसूदपणे विचारलं.

"ऐकलं की! घोगरंच हाय."

"मग शेवटी हाक कुणाला मारलीय?"

"हाक? कसली हाक?" तात्या चाचरले.

समर्थनं नक्कल लावली. "बांडीची हाक फक्त तुमच्या कॅसेटवर होती, तात्या!"

"आयला! टपरीवाल्या मेव्हन्यानं न्हेली की! मागचीबी त्यानंच न्हेली. त्यो नकला इकतोय, हे मला काय ठावं? खरं सांगू? मागलं गानं टपरीवरच ऐकलं, नवी तर मी ऐकलीच न्हाय!"

मग समर्थनं आत्याची मूळ कॅसेट लावली. स्वच्छ, खणखणीत आवाज! बैठकीतली मंडळी पुढं सरकून ऐकू लागली. तात्यांचे कान लालबुंद झाले.

"चुकलो, सारजाबाई! जत्रंत तुमीच गायचं! आन् टपरीवरच्या नकला मी सवता उचलतो. शाब्बास रं पोरांनो, आमच्या कमिटीपरास तुमची कमिटी हुशार!"

जत्रेत आत्या अशी गायली, की टाळ्या थांबेनात. शेवटी तिनं तात्यांकडं बघत लांबलचक हाक दिली, "ये गं बांडेऽऽ!"

तात्या भर गर्दीत उठून उभे राहिले आणि ओरडले, "बँऽऽऽ!"