न ऐकता दाबलेलं बटण

पहिल्या भेटीत त्या दोघांच्या मधे एक जाड काच होती.

आतल्या चिमुकल्या खोलीत ती, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे कानांची तपासणी करणारा तरुण. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. पण तो दर वेळी इतक्या आशेने बघायचा, की त्याला नाराज करणं तिच्या जिवावर आलं. ती आपली दाबतच सुटली.

शेवटी तो दार उघडून आत आला.

"बाई, शेवटच्या पाच वेळा मी आवाज सोडलाच नव्हता."

"मग तसं बघत कशाला होतात?"

"कसं?"

"पाटी दाखवायला आलेला मुलगा बघतो तसं... म्हटलं, तेवढंच तुम्हाला बरं वाटेल."

तो खुदकन हसला. "कागदावर तुमचा डावा कान माझ्यापेक्षा तल्लख निघालाय. आता यंत्र देऊ, की बक्षीस?"

ती पहिलीच्या वर्गाची बाई. स्टेशनवर स्फोट झाला त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. त्यात तिचा डावा कान अधू झाला, आणि शेजारी उभी असलेली मावशी गेली. आईवेगळ्या भाचीला लहानाचं मोठं करणारी मावशी. सारा देश हळहळला होता. काही दिवस माणसं फार शहाण्यासारखी वागली. बसमध्ये उठून जागा द्यायची, दुकानात 'आधी तुम्ही' म्हणायची. मग ते ओसरलं आणि दोष कुणाचा, याची शोधाशोध सुरू झाली. फाटकावरचा पहारेकरी सापडला. घामाघूम झालेल्या एका माणसाला त्याने आजारी समजून, रांगेत न थांबवता, बॅग न उघडता आत सोडलं होतं, आणि बॉम्ब त्याच बॅगेत होता. त्याचा फोटो दिसला की ती वर्तमानपत्र उलटं करून ठेवायची.

यंत्राचा आवाज जुळवायला तिला दर गुरुवारी यावं लागे.

"आता कसं ऐकू येतंय?"

"अजून थोडं बोला, मग सांगते."

"काय बोलू?"

"तेराचा पाढा म्हणा."

सातव्या पायरीवर गडी अडखळला. "दहा वेळा लिहून आणा," ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी त्याने खरोखरच लिहून आणला, समास सोडून! यंत्र कधीच जुळलं होतं, पण गुरुवार चालूच राहिले. रस्त्याने चालताना तो न सांगता तिच्या ऐकत्या कानाच्या बाजूला यायचा.

एका संध्याकाळी बसथांब्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक सांगायचंय... फाटकावरचा तो पहारेकरी– माझा सख्खा भाऊ. त्यानेच मला शिकवलं. आधीच सांगायला हवं होतं, पण... गुरुवार बंद पडतील म्हणून घाबरलो."

उलटी करून ठेवलेली ती वर्तमानपत्रं तिला आठवली. तरी ती नीट, सभ्यपणे म्हणाली, "तुमची त्यात काय चूक? माझ्या मनात काही नाही." वर हसलीसुद्धा.

तो तिच्याकडे बघत राहिला. "खरंच? की आत्ताही न ऐकताच बटण दाबलंत?"

"खरंच."

बस आली. ती चढली आणि मागे वळली नाही.

पुढच्या गुरुवारी शाळेत मीटिंग निघाली. त्यापुढच्या गुरुवारी सर्दी. त्याचे निरोप आले, तिची उत्तरं गेली – 'काळजी घ्या', 'सवडीने भेटू'. भांडली असती, रडली असती, तर त्याने उभं राहून सगळं ऐकून घेतलं असतं. पण तिच्या गोड बोलण्यात त्याला शिरायला फटच नव्हती. हळूहळू निरोप थांबले.

वर्ष उलटलं. एकदा वर्गात दोन मुलींचं भांडण लागलं. तिने एकीला माफी मागायला लावली, दुसरी "असू दे" म्हणाली, पण बाकावर सरकून तिला जागा देईना.

"अगं, असू दे म्हणालीस ना?"

"तुम्ही बघत होतात म्हणून म्हटलं, बाई."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती त्याच्या घरी गेली. दार वीतभर उघडलं. वर्तमानपत्रातल्या फोटोतला चेहरा, पण दाढी वाढलेली.

"तो दुसऱ्या गावी असतो आता. मागच्या महिन्यात लग्न झालं." मग आवाज खाली गेला. "तुम्ही... पहिलीच्या बाई ना?"

तिने मान हलवली.

"बाई, त्या माणसाला घाम फुटला होता हो. मला वाटलं, चक्कर येऊन पडेल–"

इतके दिवस तिने हे ऐकून घेतलंच नव्हतं. आता ऐकलं.

"माझी मावशी तिथे असती," ती सावकाश म्हणाली, "तर तिनेही त्याला पुढे जाऊ दिलं असतं. राग होता माझा तुमच्यावर. फार होता. तो मी तुमच्या भावाला कधी दाखवलाच नाही... आज येतोय तोंडावर, तर तो इथे नाही."

भावाने दार पूर्ण उघडलं. "आत या. त्याला कळवू का, तुम्ही आला होतात म्हणून?"

"नको. त्याचा संसार सुखाचा होऊ दे."

भिंतीवर त्याच्या लग्नाचा नवा फोटो होता. त्याच्या शेजारी उभी मुलगी तोंडभर हसत होती.

"गोड आहे हो," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. आणि मग तिला रडू आवरेना.