नाचापर्यंतचा व्हिडिओ

मी इथे रशियात, मोर्की गावच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. इंटरनेटवरचं काही खरं धरण्याआधी ते कुणी टाकलंय, पुरतं आहे का, जाणत्या माणसाला विचारलं का, हे मुलांकडून घोकून घेते. मुलं पाठीमागे माझी नक्कल करतात. करू देत.

आइविका माझी मावसबहीण. कझानमध्ये वाढलेली, आक्पायशी लग्न करून त्याच्या गावात आली आणि आम्हा मारी लोकांच्या जुन्या धर्माकडे हौसेनं वळली. सासरे याम्बाय वारले, तेव्हा त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी आपल्या रीतीनंच करायचा असं तिनं ठरवलं.

"अक्का, झकास व्हिडिओ सापडलाय. सगळं दाखवलंय."

"ओनिसाआजीला विचारलंस? तिला सगळ्या रीती ठाऊक आहेत, तुझ्याच गल्लीत राहते."

"ती आधी माझे मारी उच्चार सुधारत बसते गं! तू पण ना, घरातसुद्धा मास्तरीण."

चाळिसाव्याला गेलेल्याचे कपडे घरातलं कुणीतरी घालतं. मग त्याला गेलेल्याच्याच नावानं हाक मारायची, जेवू घालायचं, नाचवायचं. याम्बायबाबांचा कोट आक्पायनं घातला. बर्फामुळे माझी बस सुटलीच नाही, मी पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी.

आक्पाय अजून कोटातच होता. एरवी चहा घटाघट पिणारा माणूस, तो बशीत ओतून फुंकर घालत बसला होता. याम्बायबाबा तसेच प्यायचे. मला पाहून त्यानं मान हलवली, ओळख असल्यासारखी, पण जुनी.

"कोट काढतच नाही," आइविका चुलीपाशी कुजबुजली. "आधी वाटलं, थट्टा करतोय. पण रात्री बाबांच्या खाटेवर जाऊन झोपला. अक्का, मला माझा नवरा परत हवाय गं."

"काल बाबांना निरोप दिलात ना?"

"कसला निरोप?"

मी तिचा फोन घेतला. व्हिडिओ नाचाशीच संपत होता. खाली कुणीतरी विचारलं होतं, पुढचा भाग कुठे आहे? त्याला उत्तर नव्हतं. मला तिचा संताप आला, आणि मी तशीच ओनिसाआजीकडे धावले.

ओनिसाआजी कणीक मळत होती.

"नाच झाला की फाटकापर्यंत न्यायचं. नाव घेऊन जा म्हणायचं, मग कपडे उतरवायचे. हे काय सांगावं लागतं होय?" तिचे हात थांबले. "कालच व्हायला हवं होतं, पोरी."

आम्ही त्याला फाटकाशी नेलं.

"याम्बायबाबा," आइविका म्हणाली. "तुमची जागा आता तिकडे. जा तुम्ही."

वारा पडला होता. कुठे काही हललं नाही.

मी त्याच्या अंगावरचा कोट उतरवला. आत आक्पायचाच निळा स्वेटर, वर आक्पायचाच चेहरा. त्यानं खोल श्वास सोडला.

आइविका रडता रडता हसली. सुटलो एकदाचे, असं मला खरंच वाटलं.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चल सूनबाई, आत चल. गारठशील."

आइविकानं मान खाली घातली आणि डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढून घेतला.