पाइपांच्या तक्रारी

वस्तुसंग्रहालयाचं कोठार एल्बे नदीच्या काठी, तंबाखूच्या एका जुन्या कारखान्यात होतं. तिथे वीबके टाडसेन सात वर्षं एकच काम करत होती. जर्मन अमलात कॅमेरूनहून आणलेली प्रत्येक वस्तू मुळात कोणाची, कोणी कशी आणली, हे शोधून संगणकावर नोंदवायचं. जुन्या वहीत 'भेट' असा शब्द दिसला की ती कपाळाला हात लावायची. बंदूक रोखून घेतलेल्या असल्या भेटी तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या.

सध्या तिचा जीव एका ढोलात अडकला होता. ढोल चामड्याचा नव्हे. अख्खा ओंडका आतून पोखरलेला, माणसाएवढा लांब, वर जेमतेम दोन बोटं रुंद फट. १९०६ साली आला, वहीत गावाचं नाव नाही. फुन्तेम गावचे राजे न्दिफोर म्हणत होते, तो आमचाच. राजांचं वय एक्क्याऐंशी, आणि डोळे मिटायच्या आधी ढोल पाहायचा हा त्यांचा एकच हट्ट. परत द्यायचं की नाही हे ठरवणारी समिती दोन आठवड्यांनी बसणार होती, त्यानंतर थेट पुढच्या वर्षी. आणि पुरावा म्हणून वीबकेच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता.

म्हणून तिने संग्रहालयाचं होतं नव्हतं ते दप्तर स्कॅन करून घेतलं, पार इमारतीच्या दुरुस्तीच्या वह्यांसकट. ढोल ज्या ज्या खोलीत ठेवला होता, त्या खोल्यांचे क्रमांक टाकून शोध घेतला. निघाल्या फक्त चार तक्रारी. १९१२, १९३८, १९६१, १९८९. चारही वेळा तेच रडगाणं: पाइप ठोकल्यासारखा आवाज, प्लंबर बोलावला, दोष सापडला नाही. १९३८ची तक्रार भर ऑगस्टमधली, तेव्हा हीटिंग बंद. १९६१ साली ढोल माळ्यावर होता, आणि माळ्यावर पाइपच नव्हते.

राजांशी बोलताना तोंडापुढे हात धरायचा असतो. वीबके व्हिडिओ कॉलवरही धरायची.

"पोरी, एवढ्या लांबून तुझी थुंकी नाही उडत माझ्यावर," राजे हसले. "काय मिळालं?"

"काही नाही, महाराज. आमच्या प्लंबरांचा इतिहास तेवढा मिळाला." तिने चारही तक्रारी तारखांसह वाचून दाखवल्या.

समोर फोन धरून बसलेल्या कारभाऱ्याचा, न्द्झीचा, हात खाली गेला. पडद्यावर बराच वेळ नुसतं पत्र्याचं छत दिसत राहिलं.

"तारखा कोणी दिल्या तुला?" राजांचा आवाज आला.

"सांगितलं ना, दुरुस्तीच्या वहीत—"

"आमच्याकडे राजा मरत नाही. दिसेनासा होतो. लोकांना दहा-बारा दिवसांनी सांगतात, आणि साहेब लोक तीच तारीख लिहून घेत आले. खरी तारीख राजवाड्यातल्या सात जणांपलीकडे जात नाही. तू आत्ता चार खऱ्या तारखा वाचल्यास. शेवटची माझ्या बापाची."

वीबके घाबरली, पण त्याहून जास्त तिला आनंद झाला. "महाराज, मग हाच पुरावा! मी आजच लिहिते."

"नाही."

"पण समिती—"

"घरातलं गुपित तुझ्या मशीनमध्ये जाणार नाही. दुसरं काहीतरी शोध. बघायचाय मला तो ढोल, फार बघायचाय. पण असा नाही."

हटवादी म्हातारा, म्हणून ती दिवसभर चिडली. लाकूड आकसतं, फुगतं, आवाज करतं, हे तिला ठाऊक होतं. पण चारातल्या चारही तारखा? ते कोडं काही सुटेना. पुढचे दहा दिवस तिने डोळ्यांत तेल घालून कागद चाळले. काही म्हणजे काही मिळालं नाही.

बुधवारी सकाळी ती कोठाराचा रखवालदार हिनर्क याच्याबरोबर कॉफी पीत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी खालून आवाज आला.

ठक. जरा थांबून, ठक.

"पाइप," हिनर्क म्हणाला. मग त्याचा कप हातातच राहिला. "जून चालू आहे, वीबके. मी स्वतः बंद केलंय हीटिंग."

ती खाली धावली. खोलीला कुलूप होतं. उघडलं. आत कोणी नव्हतं.

तिने ढोलाखालच्या फळीवर हात ठेवला. फळी हादरत होती.

मग फळीची थरथर थांबली.

तिने तिथूनच फोन लावला. न्द्झीने उचलला. एरवी त्याच्यामागे कोंबड्या असायच्या, रेडिओ असायचा. आज काहीच नव्हतं.

"राजे कसे आहेत?"

"मजेत."

"बोलू द्या ना त्यांच्याशी."

"जेवताहेत."

"मग मी थांबते."

 त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, तिथे काही वाजलं का?"

"हो. दहा वीसला."

त्याने श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

"राजांनी परवाच सांगून ठेवलंय. वाजला, तर तिला लिहू दे म्हणाले. सगळ्या तारखा लिहा." तो थांबला. "आजची सोडून."

"न्द्झी..."

"राजे जेवताहेत, बाई. अजून दहा दिवस जेवत राहतील."

वीबके तिथेच फरशीवर बसून रडली. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, त्यालाच ढोल दिसायचा नव्हता.

समितीने चार तारखा पाहिल्या, न्द्झीची सहीशिक्क्याची साक्ष वाचली आणि ढोल परत द्यायचं ठरवलं. पाठवण्याआधी नियमाप्रमाणे त्याचं नवं त्रिमित स्कॅन झालं. फटीतून बारीक कॅमेरा सोडून आतूनही. संगणकाने ते मार्चमध्ये असंच आतून-बाहेरून केलेल्या स्कॅनशी ताडून पाहिलं. जिथे फरक, तिथे लाल रंग.

बाहेरून ढोल जसाच्या तसा होता. आतून सगळा लाल.

वीबकेने चित्र मोठं केलं. त्या लाकडावर पटाशी बोथट होते, आणि त्यात खळगे पडले होते. चार-चार, एका ओळीत. शेकडो ओळी, सगळ्या फटीच्या दिशेने चढत गेलेल्या.

चित्र मूळ मापात आणून तिने आपली मूठ पडद्याला टेकवली. चारही बोटांची हाडं चार खळग्यांवर नीट बसली.

तिने घाईघाईने खाली पॅकिंगच्या खोलीत फोन लावला. ढोलाच्या खोक्याच्या झाकणाचे चोवीसच्या चोवीस स्क्रू आवळून झाले होते.