पडद्यामागच्या दोन गिटारी

दार उघडताच ती आत आली आणि न बसताच म्हणाली, "मला चोर म्हणालेत. वीस पालकांसमोर. माझी लेक शेजारी उभी होती."

"पाणी घ्या," वहिनी म्हणाल्या.

"पाणी नको. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करायला सांगितलंय."

हरवलेलं, लपवलेलं, फिरवलेलं शोधून देणं हा वहिनींचा बारा वर्षांचा धंदा. त्यांचे धाकटे दीर, ज्यांना सगळी गल्ली भाऊजी म्हणे, प्रत्येक तपासात सोबत असत. मदत करत, असं म्हणणं जरा धाडसाचं होतं.

बाई वाद्यांच्या दुकानात कारागीर होती. मागच्या टेबलावर आठ वर्षं गिटारी दुरुस्त करत होती. दुकानाच्या माडीवर एक सर इलेक्ट्रिक गिटार शिकवत. गेल्या आठवड्यात त्यांनी तिच्या लेकीला वर्गातून उठवलं होतं. गिटार स्वस्त म्हणून.

"म्हणाले, असल्या डब्यावर मी शिकवत नाही. पोरीनं दोन दिवस तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, तुमची महागडी आणि हिचा डबा पडद्यामागे वाजवू. ओळखून दाखवा."

परीक्षा काल सकाळी झाली. दुकानाच्या मालकांनी पडद्याआड दोन्ही गिटारी आलटून पालटून वाजवल्या. सोळा जणांनी लेकीचीच गिटार महागडी म्हणून लिहिली. त्यांत एक कागद सरांचा होता.

"आणि संध्याकाळी सगळ्यांना परत बोलावून सरांनी दोन्हींची पाठीमागची झाकणं उघडली. त्यांच्या पिकअपच्या कापडी वायरी माझ्या लेकीच्या गिटारीत. तिच्या प्लॅस्टिकच्या वायरी त्यांच्या गिटारीत."

"पिकअप म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"तारांचा थरथराट पकडून आवाज करतात ते. गिटारचा गळाच म्हणा. गळे अदलाबदल झालेले. आणि वायरी जोडायचं सोल्डरिंग कोणाला येतं? मला."

"पिकअप काढायचे तर तारा उतरवाव्या लागतात?" वहिनींनी विचारलं.

"सगळ्या. ते तारांखालीच बसतात. झाकण मात्र तारा न काढता उघडतं."

"आणि तुम्ही काय केलं होतं?"

"चार दिवस पोरीच्या गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्या घासल्या, तारांची उंची बसवली. काल सकाळी दोन्हींना कोऱ्या तारा चढवल्या. त्यानंतर आजपर्यंत हात लावू दिलेला नाही मला. आणि मीच चोर."

वहिनींनी पायांत चपला सरकवल्या. "चला भाऊजी. आणि आज मध्ये बोलू नका."

दुकानात मालक गल्ल्यामागे घाम पुसत बसले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त जो जोरात बोलेल त्याच्या बाजूला कलणारा.

"दोन गिटारींत फरक काय हो?" वहिनींनी विचारलं.

"लाकूड, रंग, खुंट्या. स्वस्त गिटारीच्या खुंटीवर तारेला तीन वेढे द्यावे लागतात, नाहीतर निसटते. सरांच्या खुंटीला मागे चकती आहे. तार ओढा, चकती आवळा, झालं. मी आठवड्याला दहा स्वस्त गिटारींना तारा चढवतो. झोपेतही तीन वेढे देईन."

"काल सूर टिकला?"

"सकाळी अर्धा तास जरासुद्धा हलला नाही. संध्याकाळी वाजवून दाखवली, तर पोरीची दोन मिनिटांत बेसूर."

"मधे दुकान?"

"एक ते चार बंद. मी घरी जेवायला. किल्ल्या तिघांकडे. मी, सर आणि या बाई."

सर जिन्यातून उतरत होते. पांढरा सदरा, जपलेली नखं.

"तुम्ही म्हणे पैसे घेऊन सत्य शोधता," ते म्हणाले.

"तुम्ही पैसे घेऊन सूर शिकवता. दोघांचं पोट आहे. सोल्डरिंग येतं तुम्हाला?"

"माझी गिटार मी परक्या हातात देत नाही. कालच्या तारा सोडल्या, तर तिचं सगळं मीच करतो. आणि त्या डब्याला म्हणाल, तर तसल्या गिटारीला वीस वर्षांत मी तार चढवलेली नाही. संध्याकाळी ऐकलंत ना सगळ्यांनी? डबा तो डबाच."

कारागीर बाईची मूठ आवळली. वहिनींनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि दोन्ही गिटारी ठेवलेल्या काचेच्या कपाटाकडे वळल्या.

"भाऊजी, खुंट्यांवरचे वेढे मोजा."

भाऊजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "सरांच्या गिटारीला एकही नाही. पोरीच्या गिटारीला अर्धा. म्हणजे जवळजवळ सारख्याच की."

"जवळजवळ," वहिनी म्हणाल्या. मग मागच्या टेबलावरची पत्र्याची डबी त्यांनी कागदावर उपडी केली. त्यात कापलेल्या तारांची टोकं होती. बरीचशी सरळ, सहा मात्र स्प्रिंगसारखी कुरळी.

"ही डबी कधी रिकामी करता?"

"रोज सकाळी," कारागीर म्हणाली. "आज टेबलाला हात लावलेला नाही. काल फक्त याच दोन गिटारी केल्या." तिनं एक कुरळा तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

वहिनींनी स्टूल ओढलं. "बसा सर. मालक, तुम्हीही.

"कोरी तार सरळ असते. ती खुंटीवर गुंडाळून उरलेलं टोक कापलं, की तुकडा सरळच पडतो. कुरळा कधी पडेल? तार आधी गुंडाळलेली असेल, मग उतरवली असेल आणि परत चढवून कापली असेल, तर. म्हणजे बाईंनी तारा चढवल्यानंतर कोणीतरी त्या काढल्या. परीक्षेआधी? नाही. तेव्हा पोरीची गिटार अर्धा तास सुरात होती, संध्याकाळी दोन मिनिटं टिकली नाही. वेढे मधल्या वेळेत गेले. तारा उतरवल्या त्या पिकअप काढायलाच, म्हणजे तेही तेव्हाच बदलले. सकाळी पडद्यामागे जी जिंकली, ती स्वस्त गिटार होती. स्वतःच्या गळ्यानं."

मालकांनी तोंड उघडलं. "मी नाही हो केलं."

"माहीत आहे. तुमच्या बोटांनी तीन वेढे दिले असते, बाईंच्याही. अर्धा वेढा देऊन थांबेल तो माणूस वेगळा. ज्यानं वीस वर्षं फक्त चकतीच्या खुंट्या वापरल्या. तार ओढली, ताणली, उरलेलं कापलं. त्याच तारा परत वापरल्या, कारण दुकानातला नवा संच घेतला असता तर कोणी विचारलं असतं. चूक स्वस्त गिटार न हाताळल्याची आहे सर. तुम्हीच अभिमानानं सांगितलीत."

"मला ओळखता आली नाही," सर हळूच म्हणाले. "लोक माझ्या कानावर पोरं सोपवतात. माझीच गिटार, आणि मला..."

"म्हणून माझ्या पोरीला चोराची पोर केलंत?" कारागिराचा आवाज चढला नव्हता, तो खाली उतरला होता, आणि ते जास्त भयंकर होतं. "अकरा वर्षांची आहे ती. सकाळी शाळेत जाताना मला म्हणाली, आई, खरं सांग, तू केलंस का. माझी पोर मला विचारते."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

मालक घाईनं उठले. "ताई, झालं गेलं सोडा. टेबल तुमचंच. उद्यापासून या."

"चारचौघांत चोर ठरवलंत आणि बंद दुकानात माफी?" तिनं गल्ल्यावरची पालकांच्या नंबरांची वही उचलली, उघडली आणि सरांच्या पुढ्यात ठेवली. "लावा फोन. वीसच्या वीस. काय केलंत ते तुमच्या तोंडानं सांगा."

सरांनी मालकांकडे पाहिलं. मालक या वेळी कारागिराच्या बाजूला सरकले होते.

पहिला नंबर लागला. सर कुजबुजले, "हॅलो, मी सर बोलतोय..."

"मोठ्यानं," ती म्हणाली.