टाकीच्या झाकणाची घंटी

वैशाखातली दुपार कलत आली होती. तळेऱ्याच्या तिठ्यावर दत्तारामची लॉरी निघायच्या तयारीत उभी होती. मागे आंब्याच्या पेट्या रचून वरून दोरखंड आवळलेला. माल विजयदुर्ग बंदरात बोटीवर चढवायचा होता आणि वाटेत, पडेलच्या अलीकडे, बायकोला माहेरी सोडायचं होतं. शेवंतीच्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. हिरवं लुगडं नेसून, मांडीवर बोचकं घेऊन ती कधीचीच पुढे जाऊन बसली होती.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या आसपासची ही गोष्ट. त्या रस्त्याला गाड्या मोजक्याच, आणि घंटीवाली लॉरी तर एकुलती एक. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं की ड्रायव्हरच्या डोक्यावरची विजेची घंटी टर्रर्र करून वाजायला लागे, आणि झाकण बसेपर्यंत थांबत नसे. ही करामत आधीच्या ड्रायव्हरची, हरिश्चंद्राची. एकदा क्लीनर झाकण लावायला विसरला आणि पेट्रोल घाटभर सांडत गेलं. ठिणगी पडली नाही हे नशीब. त्यानंतर हरिश्चंद्रानं कुठूनशी घंटी पैदा करून, तारा ओढून ती स्वतःच्या हातानं बसवली. मागच्या पावसाळ्यात तो विषमज्वरानं गेला. लॉरी दत्तारामकडे आली. घंटी राहिली, आणि जिकडेतिकडे हरिश्चंद्राचं नावही राहिलं.

"तेची घंटी आसा म्हणान तुका भियाचा कारण नाय रे," चहा देताना टपरीवाली हौसाबाई म्हणाली. "देवमाणूस तो. असो ड्रायव्हर परत होवचो नाय."

दत्तारामनं अर्धा चहा तसाच टाकला. लॉरीचे मालक दाजी, त्यांना त्यानं एकदा सुचवून पाहिलं होतं, घंटी काढून टाकूया म्हणून. "ऱ्हवांदे ती," दाजी म्हणाले होते. "तेची आठवण आसा."

पण खरं दुखणं निराळंच होतं. त्याच्या लग्नात, पंगत उठता उठता, शेवंतीची आत्या सगळ्यांसमोर हसत म्हणाली होती, "हिका पयली मागणी हरिश्चंद्राची इलली. पत्रिका जुळाक नाय, म्हणान तुमका गावली!" सगळे हसले. शेवंतीही खाली मान घालून हसली. तिचं ते हसू दत्तारामच्या मनात कुसळासारखं रुतलं ते रुतलंच. जित्या माणसाशी भांडता येतं. मेलेल्याशी कसं भांडायचं?

कासार्डे मागे पडलं आणि गाडी सड्यावर चढली. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वाळलेलं गवत, झाड म्हणून नाही. सूर्य समुद्राकडे उतरत होता. पेट्यांतल्या पेंढ्याचा आणि आंब्याचा गोड वास केबिनभर भरला होता.

टर्रर्र...

दत्तारामनं गाडी थांबवली. झाकण उघडं, साखळीला लोंबत होतं. तळेऱ्याला टाकी भरल्यावर त्यानं स्वतः ते लावलं होतं. त्यानं ते पुन्हा घट्ट फिरवलं. घंटी थांबली. पण थोडं पुढे जातात न जातात तोच ती परत वाजली, आणि झाकण परत लोंबत होतं.

"आंगठ्यान दाबून मगे फिरवक व्हया," शेवंती खिडकीतून म्हणाली. "तेचां झाकण तसांच बसता."

"तेचां? कोणाचां?"

तिनं मांडीवरचं बोचकं सावरलं. "लॉरीचां म्हणतंय."

"आणि तुका ह्यां कोणी सांगल्यान?"

"आमच्या वाडीत गाडी थांबायची. तेव्हा बघललंय."

साधं उत्तर होतं. पण दत्तारामच्या डोळ्यांसमोर तिच्या माहेरची वाडी आली, फणसाखाली उभी लॉरी आली, झाकणावर आंगठा दाबणारा हरिश्चंद्र आला, आणि त्याच्याकडे टक लावून बघणारी, परकर-पोलक्यातली शेवंती आली. त्याचं डोकं तडकलं. झाकण कसंबसं फिरवून तो वर चढला, सीटखालची पक्कड काढून त्यानं घंटीची तार कचकन तोडली.

"आता वाजांदे," तो म्हणाला.

शेवंती तोंड फिरवून बाहेर बघत राहिली.

उजेड विरघळत चालला होता. वारा अचानक पडला. दत्तारामनं खिशातून विडी काढून दातांत धरली, एका हातानं स्टिअरिंग सांभाळत काड्यांची पेटी चाचपली. आणि घंटी वाजली.

त्यानं वर बघितलं. तुटलेल्या तारेची टोकं हवेत झुलत होती. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर होतं. आणि घंटीची हातोडी थरथरत आपटत होती... आपटत होती...

"थांबा," शेवंती अगदी हळू म्हणाली.

त्यानं उलट वेग वाढवला. दातांत विडी, बोटांत काडी.

"थांबा... काडी ओढू नकात..."

ती त्याच्याकडे बघतही नव्हती. बाहेरच बघत होती. तिच्या आवाजात भीती नव्हती. त्यामुळेच दत्तारामचा पाय आपोआप ब्रेकवर पडला.

खाली उतरला तो पेट्रोलच्या वासानं गुदमरलाच. झाकण उघडं होतं. हिंदकळून सांडलेल्या पेट्रोलनं फळ्या भिजल्या होत्या, खालच्या पेट्यांचा पेंढा भिजला होता, चाकावरून थेंब ठिबकत होते. त्याच्या बोटांत ती काडी अजून होती.

तो कातळावर बसला. हात जोडायला हवे होते. पण त्याच्या मनात आलं ते एवढंच, की ज्यानं वाचवलं, त्यानं मला नाही वाचवलं. मी तिच्यासोबत गाडीत होतो, म्हणून वाचलो.

"कोणासाठी वाजली गो ती?" त्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"जिते आसंव मां दोघंय?" शेवंती म्हणाली. "मगे? चला. आये वाट बघीत आसतली."

निघण्यापूर्वी त्यानं घंटी उपटली आणि अंगात होती नव्हती ती ताकद लावून सड्यावर भिरकावली. ती कातळावर आदळल्याचा आवाज मात्र आला नाही.

त्या रात्री तो बंदराकडे गेला नाही. सासुरवाडीतच ओसरीवर पडून राहिला.

सकाळी मांडवासाठी माडाची झावळं विणत बायका अंगणात बसल्या होत्या. शेवंती त्याला चहा घेऊन आली. कप हातात घेताना त्याला वास आला. पेट्रोलचा.

"हात धुवक नाय तू?"

"राखेन धुतलंय, शिकेकायेन धुतलंय," ती म्हणाली. "जायत नाय."

वास फक्त डाव्या तळव्याला होता. उजवा स्वच्छ. आदल्या दिवशी ती एकदाही खाली उतरली नव्हती, आणि टाकी तिथून तिचा हात पोचण्यासारखी नव्हती. दत्तारामनं तर तिच्या हाताला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग त्याला आठवलं. सबंध सडा ओलांडेपर्यंत तिचा तो हात खिडकीबाहेर होता. बोटं किंचित मिटलेली, सोबत चालणाऱ्या कुणाच्या हातात असावीत तशी.

ती परत झावळांपाशी जाऊन बसली. बायका गाणं म्हणायला लागल्या, तीही म्हणायला लागली. मध्येच थांबली. आजूबाजूला कुणी बघत नाही असं बघून तिनं डावा तळवा हळूच नाकाशी नेला, आणि डोळे मिटले.