मुक्कामसीमा

नाश्त्याच्या हॉलमध्ये कुणी कुणाला "पेशंट कसा आहे?" असं विचारत नसे. "किती लागल्या?" असं विचारत.

किती म्हणजे किती रात्री. कुंदा गावंडेला हे कळायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पोह्यांच्या रांगेत पुढच्या माणसाने मागे वळून तेच विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं, "सात."

त्याचा चेहरा पडला. तो बाजूला झाला आणि त्याने तिला आपल्यापुढे जाऊ दिलं.

"सातच मागितल्या होत्या मी," ती म्हणाली.

"असं होय!" तो म्हणाला आणि पुन्हा तिच्या पुढे येऊन उभा राहिला.

नागपूरच्या दक्षिणेला आरोग्यनगरी वसल्यावर तिथल्या रुग्णालयांपेक्षा हॉटेलंच जास्त झाली. या हॉटेलांमधल्या बहुतेक खोल्या 'पडाव' नावाच्या ॲपवर बोलीने जात. प्रवाशाने भाग निवडायचा, हॉटेलचा दर्जा निवडायचा, किती रात्री हव्यात ते लिहायचं आणि आपल्याला परवडेल तो दर टाकायचा. हॉटेलचं नाव मात्र बोली स्वीकारली गेल्यावरच कळे, म्हणून अशा खोलीला अंधखोली म्हणत. रात्र रिकामी गेली की त्या खोलीची त्या रात्रीची कमाई कायमची बुडते, पण दर उघडपणे उतरवला तर हॉटेलचा मान जातो. नाव झाकून विकलं की दोन्ही सांभाळता येतं.

पर्यटकांसाठी निघालेली ही पद्धत आरोग्यनगरीत आली तेव्हा तिला एक नियम जोडला गेला. रुग्णाच्या नातेवाइकाने खोली कधीही सोडली तरी उरलेल्या रात्रींचे पैसे त्याला परत मिळावेत. नियम दयाळू होता, पण त्याने हॉटेलांपुढे एक गणित उभं केलं. लांबच्या मुक्कामाला दिलेली सूट मुक्काम खरोखर लांबला तरच परवडते. साठ रात्री मागणारा हा माणूस खरंच साठ रात्री राहील का? हा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीला निवासभाकीत असं नाव होतं. तिचा अंदाज जितक्या रात्रींचा, तितक्याच रात्रींपर्यंतची बोली हॉटेल स्वीकारी. त्यापुढे एक रात्र जरी जास्त मागितली तरी नकार येई. या आकड्याला लोक मुक्कामसीमा म्हणू लागले. सीमेपलीकडे राहायला मनाई नव्हती. फक्त रोजचा पूर्ण दर मोजायचा.

आणि नातेवाइकांनी त्यातून आपला अर्थ काढला. आरोग्यनगरीतून मुदतीआधी कोण निघतं? ज्याचा माणूस गेला तो. म्हणजे यंत्राला ते आधी कळतं. डॉक्टर सांगत नाहीत ते हॉटेल सांगतं. तेव्हापासून कुणाची लांबची बोली लागली की हॉलमध्ये संत्रा बर्फी वाटली जाई, आणि कुणाला नकार आला की त्याच्या टेबलावरचे लोक हळू आवाजात बोलत.

कुंदाची मोठी बहीण वत्सला समोरच्या रुग्णालयात काचेआड होती. तिची हाडांमधली रक्त तयार करणाऱ्या पेशींची यंत्रणा बंद पडली होती. ती पुरती पुसून तिथे नव्या पेशी सोडल्या होत्या आणि त्या रुजेपर्यंत साधी सर्दीसुद्धा तिला मारू शकली असती. सकाळी पाव तास माइकवरून बोलता येई. वत्सलाताई बहुतेक वेळ गुंगीत असे. आई गेल्यावर कुंदाच्या वेण्या तिनेच घातल्या, अकोटच्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी करत तिला शिकवलं, आणि लग्नात शिलाई मशीन दिलं. त्या एका मशीनचा आता गणवेशांचा कारखाना झाला होता.

"अडीच महिने धरा," डॉक्टर म्हणाले होते. "पेशी रुजतील की नाही, आत्ता नाही सांगता येणार."

आत्ता नाही सांगता येणार! कुंदाला हे वाक्य रोज नव्याने टोचे. खोलीत बसवेना, रुग्णालयात बसू देईनात. तिने फोन काढला.

पडाववर एका माणसाला दिवसात तीन बोल्या लावता येत, आणि स्वीकारलेली बोली तासाभरात मागे घेता येई. तिने चाळीस रात्री मागितल्या. नकार. वीस मागितल्या. नकार. दहा मागितल्या, त्या लागल्या. ती बोली तिने मागे घेतली आणि उद्याची वाट पाहत राहिली. तो दिवस तिने लिफ्टने खाली जाण्यात आणि जिन्याने वर येण्यात काढला. दुसऱ्या दिवशी पंधरा लागल्या. अठरा लागल्या. एकोणिसाला नकार आला, तेव्हा तिने अठराचीच बोली ठेवली.

अठरा.

तिने नवऱ्याला फोन लावला. "दिवाकर, नाशिकच्या मामांना सांगून ठेवा. ताईचं काही खरं नाही."

"डॉक्टर म्हणाले?"

"नाही. हॉटेल म्हणालं."

दिवाकर म्हणाला, "कुंदे, तू जेवलीस का?"

त्या दिवसापासून तिचं काचेपुढचं बोलणं बदललं. आधी ती कारखान्यातल्या गमती सांगायची. आता ती माफी मागू लागली, जुनी देणीघेणी मिटवल्यासारखं बोलू लागली. बोलून झालं की लगेच निघे. ताईकडे पाहणं तिला जड जाई, कारण तिच्या लेखी ताई आधीच अर्धी गेली होती.

दुपारी नातेवाईक हॉटेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत. जूनचं ऊन असं की पहिला कपडा टाकून दुसरा पिळेपर्यंत पहिला वाळे. तिथे कुंदाची निवेदिता उकिडवेशी ओळख झाली. तिशीची, चष्मेवाली, वडील वत्सलाताईच्या शेजारच्या काचेआड. कुंदाने तिच्या कुर्त्याची उसवलेली बाजू शिवून दिली होती, तेव्हापासून दोघी एकाच दोरीवर कपडे घालत. निवेदिता बोली लावत नसे. रोज सकाळी काउंटरवर जाऊन त्या दिवसाचा पूर्ण दर देई.

"पैशाचं झाड लागलं आहे का वं तुझ्याकडे?" कुंदाने विचारलं. "काऊन देऊन राहिली रोज पूरा भाव?"

"मला माझा आकडा बघायचा नाही, कुंदाताई."

"बाबांची भीती वाटते. व्हय ना? मी पाहिला ताईचा. अठरा निघाला." तिचा आवाज फुटला. "आता तेरा उरले."

निवेदिताने हातातली चादर तशीच बादलीत ठेवली. "तो आकडा ताईंचा नाहीये."

"म्हणजे?"

"ते भाकीत करणारी प्रणाली आम्ही बनवली. मी होते त्या गटात, दोन वर्षं. रुग्णाची फाइल तिला दिसतच नाही. कायद्याने बंदी आहे. ताईंना काय झालंय, त्या बाई आहेत की पुरुष, काचेआड आहेत की साध्या वॉर्डात, यातलं काहीही तिला माहीत नाही."

"मग तिला माहीत काय आहे?"

"तुम्ही. बोली तुम्ही लावता ना? तुमचं गाव, तुमचा धंदा. परतीची गाडी किती वेळा शोधलीत. आकडा टाकताना किती थांबलात. आणि तुमच्यासारखे हजारो लोक याआधी इथे येऊन किती दिवस टिकले. तिला एवढंच विचारलेलं असतं की ही खोली कधी रिकामी होईल."

"माणूस गेला की होते रिकामी."

"कधीकधी. माणूस बरा झाला तरी होते. पण बहुतेक वेळा तिसऱ्याच कारणाने होते. ढोके आजोबा आठवतात? त्यांच्या मुलाची पाचावर सीमा आली, सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं. सहाव्या दिवशी खोली रिकामी झाली."

"मंग? बरोबरच निघालं की."

"आजोबा आहेत अजून. कोपऱ्यातल्या काचेआड. मुलगा गेला घरी. काही झालं तर फोन करा म्हणून."

खाली रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली. कुंदाने दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढला, घडी केली, उलगडला आणि परत दोरीवर टाकला.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "तुझी मशीन खोटी आहे. मी ताईले सोडून जाईन? मी?"

"अठरावी रात्र कुठली येते?"

"बावीस जून."

"त्या सुमाराला तुमच्या घरी काय असतं?"

कुंदा उत्तर देणार होती की काही नाही. तोंड उघडल्यावर तिला आठवलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडतात. चार शाळांचे गणवेश तेवीसपासून पोचवायचे होते. दरवर्षी त्या दिवसांत ती कारखान्यातच झोपायची. फोनवर दिवाकर रोज सांगत होता, कटिंग झालंय, काजं-बटणं राहिली आहेत, आणि ती रोज म्हणत होती, बघू. त्या 'बघू'चा अर्थ तिने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. यंत्राने तो काढून ठेवला होता.

ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. निवेदिता शेजारी आली.

"एक अजून वाईट गोष्ट आहे," ती म्हणाली. "सांगू की नको?"

"आता राहिलं काय सांगायचं?"

"पहिल्या वर्षी लोकांची सीमा बरीच लांब असायची. मग लोकांनी तिचा हा असा अर्थ लावला. आकडा पाहिला की ते मनातून निरोप घ्यायला लागतात. काचेपुढे कमी थांबतात. आणि तो दिवस येतो, माणूस मात्र गेलेला नसतो. निरोप देऊन झालेल्या माणसापाशी रोज जाऊन बसणं फार कठीण असतं, कुंदाताई. मग ते घरी जातात. प्रणाली त्यातून शिकते आणि पुढच्यांना आणखी लहान आकडा देते. मी दोनदा लिहून दिलं हे. कंपनी म्हणाली, भाकीत तर अचूक येतंय."

"सीमा ओलांडून कुणी राहतच नाही?"

"राहतात थोडे. आणि जे राहतात ते सहसा शेवटपर्यंत राहतात."

कुंदाने दुसऱ्या सकाळी काचेपुढे माफी मागितली नाही. नव्या कारागीर मुलीने चौथीच्या पोरांना सातवीच्या मापाच्या चड्ड्या शिवल्या, हे सांगितलं. गुंगीतल्या ताईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, तरी ती पूर्ण वेळ बोलली.

बावीस जून आली. दिवाकर फोनवर चिडला. "तू इथं नाही तर माल जाणार कसा? आणि तिथं बसून तू करून काय राहिली? काचेले हात लावते, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग?"

"मग काही नाही. ठेवते."

तेवीसच्या सकाळी तिने काउंटरवर पूर्ण दर दिला. चोवीसलाही दिला. तिला जिंकल्यासारखं वाटलं. एका शाळेने काम काढून दुसऱ्याला दिलं, तेव्हाही ती ताठ होती. पण ताठ राहायला तिला दर सकाळी जोर लावावा लागत होता. जिन्यात, लिफ्टमध्ये, पोह्यांच्या रांगेत ती स्वतःला तपासत होती. मी ताईसाठी थांबले आहे, की त्या यंत्राला खोटं पाडायला? आधी हा प्रश्न तिला कधी पडला नसता. ती नुसती थांबली असती, किंवा नुसती गेली असती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर हसत बाहेर आले. पेशी रुजत होत्या. "पण अजून दोन महिने काचेतच," ते म्हणाले. "आता घाई नको."

त्या सकाळी वत्सलाताईचे डोळे उघडे होते. तिने उशीजवळचा माइक स्वतः ओढला. आवाज खरखरीत होता, दटावणं मात्र जुनंच.

"काय वं, किती वाळली तू! जेवतेस का नाही?"

कुंदा हसली आणि रडली. मग कारखाना, दिवाकर, मामा असं बोलणं झालं. वेळ संपत आला तेव्हा ताईने विचारलं, "कधीपर्यंत आहेस?"

"तू बरी होईपर्यंत."

"डॉक्टर दोन महिने म्हणून राहिले."

"म्हणू दे."

"खरं राहशील? का माझ्या तोंडावर सांगून राहिली?"

"खरं, ताई."

ताईने मान हलवली. पण ती डोळे मिटेना. लहानपणी कुंदा काही लपवत असली की ती अशीच बघायची.

माइकचा दिवा विझला. काचेपुढेच उभं राहून कुंदाने फोन काढला. गच्चीवरच्या त्या दुपारनंतर तिने बोली लावली नव्हती. साठ रात्री, तिने लिहिलं, आणि पूर्वीचाच कमी दर टाकला. स्वतःच्या शब्दाला पुरावा मिळावा म्हणून आपण हे करतो आहोत, असं तिला वाटत होतं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि तिच्या मनात वाक्यं जुळू लागली. यंत्रसुद्धा नाहीच म्हणतंय, ताई. सप्टेंबरपर्यंत कुणालाच नाही जमत. मी जाऊन येते, दर रविवारी येते.

बोली स्वीकारली गेली.

खाली हॉटेलचं नाव होतं, खोलीचा क्रमांक होता. कुंदाने ते दोनदा वाचलं. तेव्हा तिला कळलं की इतका वेळ ती नकाराची वाट पाहत होती.

काचेपलीकडून ताईने भुवई उंचावली, काय गं?

कुंदाने फोन उलटा धरला आणि हसून मान हलवली.